चिऱ्याच्या घरात चिऱ्याचं प्रदर्शन

तीस वर्षं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, बांधकामं केली. 'आधुनिकता आणि निसर्ग' असल्या विषयाचं प्रदर्शन बघायला मी आपणहून गेलो नसतो, भाचीने ओढून नेलं. राजापूर तालुक्यातलं जुनं कौलारू घर, तिकीट ५० रुपये. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

ओटीवरचे तक्ते सांगतात की जर्मनीत बाउहाउस ही कलाशाळा आणि शांतिनिकेतनात कलाभवन ही कलाशाळा एकाच साली, १९१९ला सुरू झालं आणि डिसेंबर १९२२मध्ये कलकत्त्यात बाउहाउसच्या क्ले-कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं आपल्या गगनेंद्रनाथ टागोरांच्या चित्रांसोबत लागली. इथे सगळे फोटोच, त्यामुळे मी पाच मिनिटांत पुढे सटकलो.

माजघरात मात्र तासभर रमलो. पाटावर दोन दगड ठेवलेत, एक शांतिनिकेतनच्या बीरभूम जिल्ह्यातला, एक घरामागच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा. डोळे मिटून हात फिरवलात तर ओळखणार नाही. शांतिनिकेतनची माती आपल्यासारखीच जांभ्याची, हे मला या वयात कळलं! शेजारी सिमेंट आणि जांभ्याच्या खडीची लादी. शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८मध्ये 'संथाल कुटुंब' हे शिल्प अशाच मिश्रणात घडवलं. लादीवर अंगठा फिरवला. खडी वर आलेली, सिमेंट मागे सरलेलं. आमच्या साइटवर गवंड्याने असं काम केलं असतं तर त्याची मजुरी कापली असती. बैजांनी मुद्दाम तसं सोडलं, वर गिलावा केला नाही.

गिलाव्यावरून मी जन्मभर गिऱ्हाइकांशी भांडलो. चिरा पाणी पितो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते. पण गिलावा नसेल तर घर गरिबाचं दिसतं म्हणे. मग स्लॅब, स्लॅब गळायला लागला की त्यावर पत्रा. आमच्या गावची आधुनिकता ती ही. सिमेंट तेच, बैजांनी त्यात तिथलीच खडी कालवली, आम्ही त्याने आमचाच दगड झाकला.

खळ्यात, म्हणजे अंगणात, कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या कातळशिल्पातला हत्ती चुन्याने खऱ्या मापात आखलाय, सुमारे १८ मीटर. खळं पुरलं नाही, मागचा भाग पाणंदीत गेलाय. पोरं त्याच्या पोटात लगोरी खेळत होती. उत्तम!

आता तक्रार. दोन खोल्यांच्या खिडक्या प्लायने बंद करून एसी लावलाय. हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती, समोरासमोर खिडक्या आणि भिंतीवर मजकूर निसर्गाचा! तोही आतल्या खोलीत फक्त इंग्रजीत. आणि अख्ख्या प्रदर्शनात चिरेखाणीचा एक फोटो नाही. ज्या सड्यावर शिल्पं आहेत तसलेच सडे कापून आमचे चिरे निघतात. मी स्वतः तिथून गाड्या भरल्यात, म्हणून बोलतो.

माहिती देणाऱ्या मुलीला हे सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "काका, तुमच्याकडे आहेत का फोटो?"

आहेत. ट्रंकेत, बिलांच्या खाली. रविवारी नेऊन देतो म्हटलंय.

जायचं तर चारनंतर जा, खळ्यात सावली येते. चहा मिळतो, पण फार गोड. आणि पावसाआधी जा, हत्ती चुन्याचा आहे.