मसाई पठारावरील तेजोमेघ दर्शन : एक अभिप्राय

पन्हाळ्याच्या पश्चिमेस असलेल्या मसाई पठारावर जानेवारीतील अमावास्येच्या सुमारास एका हौशी मंडळाने घेतलेल्या सशुल्क आकाशदर्शनास मी गेलो होतो. कार्यक्रम केवळ तेजोमेघांपुरता, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीच्या उजळ ढगांपुरता, मर्यादित असल्याने गुरू-शनी पाहण्याच्या हौसेने आलेल्यांचा थोडा हिरमोड झाला. माझ्या मते मात्र हेच त्याचे बलस्थान होते.

आठ इंची आरशाची दुर्बीण होती. कोल्हापूर शहराच्या दिव्यांचा उजेड पठाराच्या आग्नेय क्षितिजावर पसरलेला दिसतो, त्यामुळे मृग नक्षत्र पुरेसे वर चढेपर्यंत आयोजकांनी मुख्य वेध राखून ठेवला आणि तोवर डोक्यावर आलेल्या कृत्तिका दाखवल्या. तेथील निळसर धूळ त्या ताऱ्यांच्या जन्मातून उरलेली आहे, असे निवेदकाने सांगितले. प्रत्यक्षात हा तारकासमूह सध्या एका वेगळ्याच धूलिमेघातून जात आहे आणि ती धूळ त्याचा प्रकाश परावर्तित करते. पुढील वेळी ही दुरुस्ती व्हावी.

मृगातील तेजोमेघाचे दर्शन मात्र उत्तम झाले. सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरील हा मेघ दोन डझन प्रकाशवर्षे रुंद असून, त्याच्या गाभ्यातील अतितप्त तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी त्यातील हायड्रोजन आयनीभूत होऊन (म्हणजे त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटून) उजळतो. दुर्बिणीतून तो थंडीत काचेवर सोडलेल्या श्वासासारखा करडा दिसला, आणि 'फोटोत तर गुलाबी असतो' ही तक्रार रांगेतून लगेच आली. त्यावरचे उत्तर मला फार आवडले: हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश अंधारात काम करणाऱ्या दृष्टिपेशींना जवळजवळ जाणवत नाही, तर कॅमेरा तो कित्येक मिनिटे साठवत राहतो. रंगीत छायाचित्रे आधी न दाखवता शेवटी दाखवण्याचा निर्णयही शहाणपणाचा होता, कारण त्यामुळे प्रत्येकाने आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. नजर किंचित बाजूला वळवून पाहण्याची युक्ती शिकवल्यावर मेघाचे पंख खरोखरच अधिक लांबवर उमटले.

वृषभातील खेकडा तेजोमेघ म्हणजे 1054 साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, आहे. हे ऐकायला थरारक असले तरी आठ इंची दुर्बिणीत हा तेजोमेघ फिकट डागच राहतो, आणि एवढ्या मोठ्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ त्यासाठी अपुरा पडला.

उणिवा व्यवस्थेच्या आहेत. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, पण उशिरा येणाऱ्या गाड्यांचे दिवे थेट निरीक्षणस्थळावर पडत होते. नेत्रभिंगावर साचणारे दवही वारंवार पुसावे लागले. वाहने स्थळाच्या अलीकडेच थांबवून लोकांना चालत आणले, तर शुल्क रास्त वाटेल. लहान मुलांना रांगेचा कंटाळा येतो; महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मात्र गरम कपडे आणि लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन अवश्य जावे.