‘खायिल’ला मराठीत काय म्हणावं: सद्गुणी, पराक्रमी, समर्थ की कर्तबगार?

हिब्रू बायबलात ‘खायिल’ हा शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. प्रवचनासाठी, अभ्यासवर्गासाठी किंवा भाषांतरासाठी त्याला मराठी शब्द ठरवायचा असेल, तर आधी वचनांचे तीन गठ्ठे करावेत: सैन्य, संपत्ती आणि माणसाचा वकूब. पहिल्या दोन गठ्ठ्यांत अडचण नाही. निर्गम 14 मध्ये फारोचं खायिल समुद्रात बुडतं, ते सैन्य. यहेज्केल 28 मध्ये सोरचा अधिपती व्यापारातून खायिल कमावतो, ते धन. योएल 2:22 मध्ये अंजीर आणि द्राक्षवेल आपलं खायिल देतात. तिथे ‘भरघोस फळ’ म्हणावं आणि पुढे जावं. खरा निर्णय माणसांबद्दलच्या वचनांत घ्यावा लागतो.

सद्गुणी. नीतिसूत्रे 31:10 मधल्या ‘एशेत खायिल’साठी (शब्दशः ‘खायिलची स्त्री’) हा शब्द मराठीत रुळलेला आहे, म्हणून तो सहज उचलला जातो. आमच्या मते चौघांत हाच सर्वांत कच्चा. मराठी कानाला सद्गुणी स्त्री म्हणजे शालीन, सोशिक, पतिव्रता. या कवितेतली बाई मात्र शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते (31:16), कंबर कसते (31:17) आणि तागाची वस्त्रं करून विकते (31:24). तिची दया आणि देवभीरूपणा कवितेत आहेतच, पण त्यांना वेगळी वचनं आहेत. जुन्या ग्रीक भाषांतराने इथे धैर्य-शौर्य सांगणारं ‘आन्द्रेइया’ हे विशेषण वापरलं, लॅटिनने ‘फोर्तिस’, म्हणजे बळकट.

याहून पक्का पुरावा निर्गम 18:21 मध्ये सापडतो. मोशेचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेम. ती माणसं खायिलची असावीत, देवाला भिणारी असावीत, सत्याला धरून असावीत, लाचेचा द्वेष करणारी असावीत. खायिलमध्ये सद्गुण आधीच आले असते, तर पुढच्या तीन अटी वेगळ्या घालण्याचं कारण नव्हतं.

पराक्रमी. नामान सेनापती आहे (2 राजे 5:1), इफ्ताह लढवय्या आहे (शास्ते 11:1); तिथे हा शब्द चपखल बसतो. गिदोनाला दूत ‘गिब्बोर हखायिल’ (शब्दशः ‘खायिलचा वीर’) म्हणतो (शास्ते 6:12), तिथेही शूर वीरच हवा. पण 2 राजे 15:20 उघडा. अश्शूरच्या राजाला द्यायची रक्कम उभी करण्यासाठी इस्राएलचा राजा मनहेम देशातल्या सर्व ‘गिब्बोरे हखायिल’कडून (त्याच शब्दाचं अनेकवचन) माणशी 50 शेकेल चांदी वसूल करतो. इथे ‘पराक्रमी’ लिहिलं की वाक्याचा अर्थच बिघडतो. ही पैसेवाली, वजनदार माणसं आहेत. शिवाय ‘पराक्रम’ हा शब्द ‘गेवुरा’साठी राखून ठेवणं सोयीचं. गेवुरा म्हणजे वीराचा जोर. देवाची महत्कृत्यंही याच शब्दाने सांगितली जातात.

समर्थ. इथ्रोच्या वचनात चांगला चालतो, कारण तिथे पेलण्याची ताकद अपेक्षित आहे. उणीव एवढीच की तो अंगातली क्षमता सांगतो, तिचं काय झालं हे सांगत नाही. हिब्रूत तर खायिल ‘करतात’. ‘आसा खायिल’ हा ठरलेला वाक्प्रचार रूथ 4:11 आणि स्तोत्र 60:12 मध्ये येतो.

कर्तबगार. माणसांच्या गठ्ठ्यासाठी आमची पसंती याला. यात धडाडी आहे, व्यवहाराची जाण आहे, चार लोकांतलं वजन आहे, आणि ‘कर्तबगारी गाजवणं’ हे ‘आसा खायिल’च्या अगदी जवळ जातं. सर्वांत मोठा लाभ रूथच्या पुस्तकात होतो. 2:1 मध्ये बवाज ‘ईश गिब्बोर खायिल’ आहे. 3:11 मध्ये तोच बवाज परक्या, विधवा, शेतात सरवा वेचणाऱ्या रूथला ‘एशेत खायिल’ म्हणतो. भाषांतरात तो ‘धनवान’ आणि ती ‘सद्गुणी’ झाली की दोघांना एकाच तोलाचं ठरवणारा धागा तुटतो. ‘कर्तबगार पुरुष’ आणि ‘कर्तबगार स्त्री’ लिहिलं की तो टिकतो. बवाजची श्रीमंती हवी तर तळटीपेत द्यावी. मात्र रणांगणावर हा शब्द थंड पडतो, तिथे ‘शूर’च घ्यावा, आणि देव भक्ताला खायिल देतो किंवा स्वतःच त्याचं खायिल होतो (स्तोत्र 18:32, हबक्कूक 3:19), तिथे साधं ‘बळ’.

‘कोआख’शी गल्लत टाळावी. तो अंगातला जोर. शमशोनाचा गेला तो कोआख. ‘अनुवाद’ या पुस्तकात 8:17-18 मध्ये दोन्ही शब्द शेजारी आहेत: कोआख लावून खायिल मिळवलं जातं, म्हणजे एक शक्ती आणि दुसरी संपत्ती. जखऱ्या 4:6 मध्येही ‘ना खायिलने, ना कोआखने’ अशी जोडी आहे. दोन्हीकडे ‘बळ’ लिहिलं तर जोडी हरवते.

शब्दकोश पाहताना स्ट्राँगचा क्रमांक, म्हणजे स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा, तपासावा: खायिल 2428, गेवुरा 1369, कोआख 3581. 2426 म्हणजे तटबंदी (यशया 26:1) आणि 2427 म्हणजे वेणा (स्तोत्र 48:6). स्वरचिन्हं काढली की तिघांची अक्षरं सहसा सारखीच दिसतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर शोध घेतला तर भलतीच वचनं यादीत शिरतात. पुढच्या नामाला जोडताना खायिलचं ‘खेल’ होतं, तेही शोधात धरावं. मथळे असलेल्या अनेक स्तोत्रांत हिब्रू प्रतीतला वचनाचा क्रमांक एक-दोनने पुढे असतो: आपलं 18:32 तिकडे 33, 60:12 तिकडे 14.

नीतिसूत्रे 31 करताना 10 आणि 29 ही दोन्ही वचनं एकदम ठरवावीत. 29 मध्ये ‘अनेक स्त्रियांनी खायिल केलं’ असं येतं. वर ‘कर्तबगार’ घेतलं असेल, तर इथे ‘कर्तबगारी गाजवली’ हेच लिहावं.