विमा, म्युच्युअल फंड, कर्ज: पुण्यातल्या कमिशनवरच्या ‘नोकरी’त शिरताना खिशातून काय जातं

‘तुमचा बायोडेटा पाहिला, फायनान्स कंपनीत ओपनिंग आहे, उद्या इंटरव्ह्यूला या.’ शिवाजीनगर, बंडगार्डन रस्ता, बाणेर, पिंपरी अशा भागांतल्या शाखांतून असे फोन सतत जात असतात. पद सांगितलं जातं रिलेशनशिप मॅनेजर, फायनान्शियल कन्सल्टंट, बिझनेस असोसिएट नाहीतर चॅनेल पार्टनर. हातात पडतो तो एजन्सी कोड, म्हणजे कमिशनवर विक्री करायला दिलेला एजंट क्रमांक. पगार नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. तुम्ही कंपनीचे कर्मचारी नसता, त्यामुळे पैसे अडकले तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पगाराची तक्रारही चालत नाही.

हे काम वाईट नाही. चिकाटीने करणाऱ्याचं त्यावर घर उभं राहतं. पण ‘शून्य गुंतवणूक’ म्हणून ते विकलं जातं, ते साफ खोटं आहे. दारात लागणारा खर्च किरकोळ असतो, आत गेल्यावरचा मोठा असतो, आणि त्या दुसऱ्या खर्चाबद्दल इंटरव्ह्यूत कुणी बोलत नाही.

आधी दारातला खर्च. आयुर्विम्याचा एजंट व्हायला दहावी पास पुरते. कंपनीचं प्रशिक्षण होतं, मग आयसी-३८ ची परीक्षा: ५० प्रश्न, एक तास, पास व्हायला ३५ टक्के. परीक्षेचं शुल्क हजार रुपयांच्या आत असतं. काही शाखा ते स्वतः भरतात, काही पहिल्या कमिशनमधून कापून घेतात. कोणती पद्धत आहे ते आधी विचारून घ्यावं. कागदपत्रांत पॅन, आधार, दहावीची मार्कशीट, फोटो आणि रद्द केलेला चेक. बस, एवढंच.

याच्या वर जे मागितलं जाईल त्यावर थांबावं. ‘फाइल चार्ज’, ‘किट’, ‘ट्रेनिंग फी’, ‘टॅबचं डिपॉझिट’, ‘कोड ॲक्टिव्हेशन’ ही नेहमीची नावं. कंपनीची नियुक्ती देण्यासाठी एजंटकडून असं काही घ्यायचं कारणच नाही, कारण तुम्ही आलात तर तिला विक्री मिळते. बहुतेक वेळा ही वसुली कंपनी करतच नाही. मधली प्लेसमेंट एजन्सी किंवा शाखेतला कुणीतरी करतो, आणि पैसे वैयक्तिक यूपीआय नंबरवर मागतो. त्यामुळे पावती कुणाच्या नावाची आणि पैसे कुणाच्या खात्यात, हे दोन प्रश्न विचारले की निम्म्या मागण्या तिथेच गळतात. परीक्षेचे पैसे परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे किंवा कंपनीच्या खात्यात गेले पाहिजेत, तिसरीकडे नाही.

चेकबद्दल नीट लक्षात ठेवा. कमिशन जमा करायला खात्याचा तपशील लागतो, म्हणून रद्द केलेला चेक मागतात. त्यावर दोन तिरक्या रेघा मारून मध्ये ‘कॅन्सल्ड’ लिहायचं, सही करायची नाही. ‘सिक्युरिटी म्हणून सही केलेला कोरा चेक द्या’ ही वेगळीच गोष्ट आहे. सही केलेल्या कोऱ्या चेकवर समोरचा रक्कम भरू शकतो, आणि तो वटला नाही तर चेक न वटल्याच्या फौजदारी खटल्याला तोंड द्यायची वेळ तुमच्यावर येते. मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्या ठिकाणाहूनही उठून यावं. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त एजन्सी अर्जासाठी’, खाली तारीख आणि सही.

आता आतला खर्च. तो समजायला समोर बसलेल्या मॅनेजरची बाजू कळायला हवी. एजन्सी मॅनेजरला पगार असतो आणि टार्गेटही असतं: महिन्यात किती नवे कोड काढले आणि त्यातले किती ‘ॲक्टिव्ह’ झाले. ॲक्टिव्ह म्हणजे निदान एक पॉलिसी निघालेली. नवा एजंट पहिल्या महिन्यात अनोळखी माणसाला पॉलिसी विकू शकत नाही, हे मॅनेजरला पक्कं माहीत असतं. म्हणून पहिल्याच बैठकीत शंभर नावांची यादी करायला लावतात: मामा, आत्या, शाळेतले मित्र, सोसायटीतले काका. आणि सगळ्यात वर तुमचं स्वतःचं नाव. ‘स्वतःची पॉलिसी नसेल तर दुसऱ्याला कशी विकणार?’ हे वाक्य ऐकायला मिळेलच.

त्या एका वाक्याची किंमत काढून बघा. वर्षाला ५०,००० रुपये हप्त्याची पॉलिसी स्वतःची काढली आणि पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के धरलं, तर १२,५०० परत येतात आणि ३७,५०० खिशातून जातात. दुसऱ्या वर्षी पुन्हा ५०,००० भरायचे, पण नूतनीकरणाचं कमिशन ५ टक्के धरलं तर हातात फक्त २,५००. म्हणजे दोन वर्षांत ८५,००० गेले, आणि ते एका कोडसाठी गेले. टर्म इन्शुरन्सची खरोखर गरज असेल तर जरूर घ्या, तोही चार कंपन्यांचे दर बघून. कोड चालू करायला म्हणून बचत पॉलिसी घेऊ नका. एका वर्षानंतर ती मोडली तर भरलेल्यापेक्षा कमीच परत मिळतं.

दुसरा छुपा खर्च ग्राहकाकडून येतो. ‘पहिला हप्ता तुम्ही भरा’ किंवा ‘कमिशनातले अर्धे मला द्या’ ही पुण्यात सर्रास होणारी मागणी आहे, आणि नवा एजंट केस जाऊ नये म्हणून ती मान्य करतो. ३०,००० च्या हप्त्यावर ७,५०० कमिशन मिळायचं आणि त्यातले पाच हजार ग्राहकाला द्यायचे, तर पेट्रोलही सुटत नाही. वर हे बेकायदेशीर आहे. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार कमिशनातून सूट देणारा आणि ती घेणारा, दोघेही दोषी ठरतात. २०१५ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा १० लाखांपर्यंत नेली. मॅनेजरच ‘सगळे असंच करतात’ म्हणून हे शिकवत असेल, तर ती शाखा सोडलेली बरी.

मिळालेलं कमिशन परतही जातं, आणि पहिल्या वर्षात नेमका इथेच घात होतो. पॉलिसी हातात आल्यावर ग्राहकाला ती ३० दिवसांत रद्द करता येते. त्याने तसं केलं की तुमच्या खात्यात आलेलं कमिशन पुढच्या हिशेबातून वजा होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षाचा हप्ता भरलेली पॉलिसी मोडली तरी ग्राहकाला काही रक्कम परत द्यावी लागते. त्यानंतर अनेक कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून ते पुढच्या वर्षांत पसरवलं, किंवा लवकर मोडलेल्या पॉलिसीवर वसुलीची अट घातली. मामांनी भिडेपोटी घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडते तेव्हा कमिशन थांबतं, तुमची पर्सिस्टन्सी (म्हणजे चालू राहिलेल्या पॉलिसींचं प्रमाण) घसरते आणि नातंही दुखावतं. त्यामुळे कमिशनचा तक्ता मागताना वसुलीचं कलमही सोबत मागायचं.

त्यात अलीकडची एक कात्री आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकासाठी ते चांगलंच झालं, पण कंपन्यांना कमिशनवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे त्या कराची वजावट, मिळेनासं झालं. मग काही कंपन्यांनी कमिशन ‘जीएसटीसह’ धरायला सुरुवात केली. म्हणजे कागदावर १०० रुपये असले तरी १८ टक्के आतून निघून ८४ रुपये ७५ पैसे उरतात. वरच्या उदाहरणातले १२,५०० मग साधारण १०,६०० होतात. तक्त्यातला टक्का जीएसटी धरून आहे की वगळून, हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

रोजच्या खर्चात पेट्रोल सगळ्यात मोठं. कोथरूडहून हडपसर, तिथून वाघोली, संध्याकाळी परत. फिरतीच्या दिवसाला ४० किलोमीटर सहज होतात. महिन्याला २२ दिवस धरले तर ८८० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर साडेएकोणीस लिटर, म्हणजे पुण्यातल्या शंभरावरच्या दराने दोन हजारांहून जास्त. शहरात शनिवार-रविवारी ग्राहक घरी सापडतो, त्यामुळे सुट्टीही त्यातच जाते.

व्यवसाय कराचा विषय तर नव्या एजंटच्या कानावरही पडत नाही. महाराष्ट्रात विमा एजंट व्यवसाय कराच्या अनुसूचीत आहे: वर्षाला २,५०० रुपये, नोंदणी महाजीएसटीच्या संकेतस्थळावर, भरायची मुदत साधारण ३० जून. तुमचं कमिशन त्या वर्षी किती आलं याच्याशी त्याचा संबंध नाही. नोंदणी टाळून चार वर्षांनी नोटीस आली की मागचं सगळं व्याजासकट भरावं लागतं.

आयकरात, एका वर्षात कमिशन २०,००० च्या पुढे गेलं की २ टक्के टीडीएस कापला जातो. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर २० टक्के. कापलेले पैसे परत हवे असतील तर विवरणपत्र भरावं लागतं, आणि कमिशनवाल्यांना अंदाजित उत्पन्नाची सोपी पद्धत लागू नाही. म्हणून ‘सुगम’ हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म चालत नाही, मोठा फॉर्म लागतो आणि सीएची फी त्या हिशेबाने वाढते. पेट्रोलच्या पावत्या आणि फोनची बिलं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. खर्च दाखवता येतो तो तेवढ्यावरच.

परीक्षा, व्यवसाय कर, तीन महिन्यांचं पेट्रोल आणि फोन मिळून दहा हजारांच्या घरात जातात, आणि हे स्वतःची पॉलिसी न घेता. सदाशिव पेठेत किंवा कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाने यात भाडं आणि मेस धरली पाहिजे, कारण प्रशिक्षण, परीक्षा, कोड, पहिली केस आणि मग कमिशन या रांगेत पहिले दोन महिने सहज कोरडे जातात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर पूर्णवेळ उडी घेऊ नये. चालू नोकरी सांभाळून हे करायचं असेल तर आधी मालकाची परवानगी लागते का ते बघा.

म्युच्युअल फंडाचं दार याच्या उलट आहे. शिरायला थोडं महाग, पण आत कुणी काही लपवत नाही. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची पाच-अ परीक्षा १,५०० रुपयांची: १०० प्रश्न, दोन तास, पास व्हायला ५० टक्के, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मग ॲम्फीकडे, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडे, एआरएन (वितरकाचा क्रमांक) नोंदणी, तिचं शुल्क वेगळं, भरायचं थेट ॲम्फीला. मधल्या माणसाची गरज नाही. ‘परीक्षेसकट एआरएन काढून देतो’ म्हणणाऱ्याला पंधरा-वीस हजार देणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं आहे.

इथला खरा खर्च वेळेचा. सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशन बंद केलं. आता जमलेल्या रकमेवर दरसाल मिळणारं ट्रेल एवढंच. ५० ग्राहकांनी महिना २,००० ची एसआयपी लावली, म्हणजे दर महिन्याला एक लाख, तर वर्षभरातली सरासरी जमा साडेसहा लाख. ०.८ टक्के ट्रेल धरलं तर पहिल्या वर्षाची पूर्ण कमाई ५,२०० रुपये. महिन्याची नाही, वर्षाची. पुणे मोठ्या ३० शहरांत मोडतं, त्यामुळे लहान शहरांतल्या नव्या गुंतवणूकदारासाठीची जादा रक्कमही इथल्या ग्राहकावर मिळत नाही. तरीही लांब पल्ल्यासाठी याच वाटेला आमची पसंती आहे: जमा वाढत जाते, ग्राहक पैसे मागे घेत नाही तोवर ट्रेल चालू राहतं, आणि कुणावर पहिला हप्ता भरायची वेळ येत नाही.

पीओएसपी, म्हणजे फक्त साध्या विमा पॉलिसी विकणारा ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’, हे दार सगळ्यात स्वस्त. १५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा कंपनीची स्वतःची, बहुतेक ठिकाणी शुल्क नाही. गाडीचा विमा आणि साध्या पॉलिसी विकता येतात. ज्याला हे काम आपल्याला जमतं का एवढंच पाहायचं आहे त्याने इथून सुरुवात करावी. कर्जाच्या डीएसएमध्ये, म्हणजे बँकेला कर्जाचे ग्राहक आणून देणाऱ्या एजन्सीत, मुख्य कोडवाल्याच्या हाताखाली काम मिळतं. तिथे ‘सब-कोडची अनामत’ मागितली तर ती कधी आणि कोणत्या अटीवर परत मिळेल ते करारात लिहून घ्या, आणि कर्ज वाटप झाल्यापासून पेआउट (तुमचं कमिशन) किती दिवसांत ते विचारा. ग्राहकाने कर्ज लवकर फेडलं तर पेआउट परत घेण्याची अट तिथेही असते.

कोणत्याही ठिकाणी हो म्हणण्याआधी मॅनेजरला एक मेल टाका. त्यात विचारा: माझ्याकडून कोणकोणत्या रकमा घेतल्या जातील, कुणाच्या खात्यात, परत मिळणाऱ्या कोणत्या; कमिशनचा तक्ता आणि वसुलीच्या अटी; कोड चालू ठेवायला वर्षाला किमान किती व्यवसाय. उत्तर कंपनीच्या मेलवरून आलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर ‘ऑफिसला या, समजावतो’ आलं तर ते उत्तर नव्हे.

फसवून पैसे घेतले असतील तर पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. विमा कंपनीच्या माणसाबद्दल तक्रार असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट व मेल जोडूनच पाठवा. तोंडी बोलण्याला तिथे किंमत नाही.

आणि सोडताना एक कागद घ्यायला विसरू नका. एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचा एजंट राहता येतं, त्यामुळे कोड नुसता पडू दिला तर तुमचं पॅन त्या कंपनीकडे अडकलेलं राहतं आणि दुसरी कंपनी अर्ज घेत नाही. कोड लेखी परत करा आणि नियुक्ती संपल्याचं प्रमाणपत्र मागा. ते १५ दिवसांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्या नावावर आधीच एखादा कोड आहे का, हे विमा नियामकाच्या एजन्सी पोर्टलवर पॅन टाकून कुणालाही पाहता येतं, आणि जुन्या सेमिनारमध्ये सही करून आलेल्यांनी ते आधी पाहावं.