ट्रायकोकार्ड आठ महिने वापरून : आष्ट्याजवळच्या आमच्या टोमॅटोचा अनुभव

जूनपासून टोमॅटोच्या दोन लागणी ट्रायकोकार्डावर काढल्या. एकदा फसलं, एकदा साधलं, दोन्ही सांगते. सव्वा एकर टोमॅटो, बांधाला लागून दिरांची वांगी.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर तांदळावरच्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची चिलटाहून बारीक मित्रमाशी वाढत असते. ती बाहेर पडून टोमॅटो पोखरणाऱ्या घाटेअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, मग अळी जन्मालाच येत नाही. पण अळी एकदा फळात घुसली की कार्डाचा काही उपयोग नाही, हे आधी डोक्यात ठेवा.

पहिल्या लागणीत दुकानातनं कार्ड आणलं, ते तिथं काउंटरवर औषधांच्या बाटल्यांशेजारी उन्हात पडलेलं. लावल्यावर आठवडाभर काहीच फरक नाही म्हणून भिंगानं बघितलं तर काळ्या अंड्यांना बारीक बारीक भोकं, माश्या दुकानातच निघून गेलेल्या, रिकामा कागद पैसे देऊन आणला मी! त्याच लागणीत पुढच्या खेपेला कार्ड ताजं मिळालं तर तिसऱ्या दिवशी भाऊजींनी वांग्याच्या शेंडेअळीवर कडक औषध मारलं आणि वारं नेमकं आमच्याकडं. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या लागणीत तोड्याला बादलीभर फळं काढली की त्यातला तिसरा हिस्सा भोकाचाच, फार जीव तुटला.

मग कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्राच्या मॅडम, गावचे कृषी सहायक, आम्ही सगळे आता ज्यांच्याकडनं औषध नेतो ते दुकानदार आणि बांधाला बांध असलेले आम्ही पाच जण, असे एका सकाळी रानातच बसलो. सासरे म्हणाले, २००२ ला आपल्या सांगलीत उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा अन् मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडींची पानं एका रानातनं दुसऱ्या रानात नेऊन टाकली, एकट्यानं कुणाचा मावा गेला का? तिथंच ठरलं. फवारणीआधी ग्रुपवर कळवायचं, कार्ड लावल्यापासून आठवडाभर कडक औषध नाही, दुकानदारांनी कार्ड ऑर्डरवरच मागवायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. त्यांनी ते मनापासून पाळलं, त्यांचं औषध कमी खपणार हे माहीत असून, म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

ऑक्टोबरच्या लागणीला कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) आधी लावले, एकरी पाच, आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत. पतंग दिसायला लागले तसं दर बुधवारी संध्याकाळी एकरी दोन कार्डं, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. मुंग्या असल्या तर रात्रीत अंडी साफ करतात, म्हणून मुंग्यांची रांग नाही ना ते बघूनच झाड निवडायचं. कडेनं झेंडू, त्याच्या कळीवर घाटेअळी पहिली जाते. मधे अळ्या वाढल्यासारख्या वाटल्या तेव्हा मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग पाडणारा विषाणू, सांगितलं, उन्हात ते मरतं म्हणून तिन्हीसांजेला फवारलं. चार-पाच दिवसांनी शेंड्याला अळ्या उलट्या लोंबकळत काळ्या पडलेल्या दिसल्या, ते बघून भाऊजींनी स्वतःहून वांग्याला कार्ड मागितलं.

किडीच्या फवारण्या पहिल्या लागणीत अकरा होत्या, दुसरीत चार. पांढरी माशी आणि करप्याला मात्र कार्डाचा काहीच इलाज नाही, त्यासाठी पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क आणि बुरशीनाशक लागलंच. बुरशीनाशक आणि किडीवर मारायची बिव्हेरिया एकाच टाकीत घालू नका, तीही बुरशीच आहे, मरून जाते.

घ्यायचं असेल तर आधी शेजाऱ्याला विचारा तो कधी फवारणार, मग दुकानात कार्ड कधी तयार झालंय ती तारीख बघा. आमची पुढची ऑर्डर सात जणांची गेलीय, वाळव्याकडचे दोघं नवीन आलेत.