पीओपी का फायबर: माझ्या एकाच पायाने दोन्ही भोगलं

हाड मोडल्यावर आधी घातलेलं तात्पुरतं, कच्चं प्लास्टर सोडताना डॉक्टर विचारतात, "आता पक्कं पीओपीचं करू का फायबरचं?" (पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबर म्हणजे फायबरग्लासचं) आणि पेशंट डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघतो. मी ऑर्थो वॉर्डला नर्सिंगला आहे त्यामुळे हा प्रश्न रोजचाच, आणि बरीच वर्षं मी डोळे झाकून "फायबर घ्या" सांगायचो. मग जिन्यावरून माझाच पाय मुरगळून घोट्याचं हाड मोडलं आणि सहा आठवड्यांत एकाच पायावर आधी फायबर, मग पीओपी, असं दोन्ही झालं.

फायबर हलकं, मजबूत, एक्स-रे जास्त स्वच्छ येतो, हे सगळं तुम्हाला माहीतच असेल, ते खरंही आहे. मला सगळ्यात भारी वाटलं ते वाळणं. फायबर अर्ध्या-एक तासात वजन घ्यायला तयार होतं (अर्थात तुमच्या फ्रॅक्चरला वजन टाकायची परवानगी असेल तर). पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं म्हणून लोक फसतात, आतून पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस जातात. तोपर्यंत ते राखाडी, गार, दमट वासाचं असतं, वाळलं की पांढरं चकचकीत होतं आणि टिचकी मारली की खणखणीत वाजतं. ओलं असताना ते तळव्यांनीच उचलायचं, बोटांनी धरलं तर खड्डा पडतो आणि तो खड्डा आतल्या कातडीला टोचत राहतो. पाय उशीवर, वरून चादर नाही. हे सगळं मी शिकवतो, आणि माझ्या पीओपीच्या वेळी मीच पहिल्या रात्री झोपेत टाच गादीच्या कडेला टेकवली. असो.

पहिल्या दोन दिवसांत बघायचं ते दोन्हीत सेमच, त्यात फायबर घेतलं म्हणून सूट नाही. बोटांचा रंग, ऊब, नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी होतं का, बोटं हलतात का, मुंग्या किंवा बधिरपणा आहे का. सूज उतरावी म्हणून पाय हृदयापेक्षा उंच. पण दुखणं गोळी घेऊनही वाढतच चाललंय आणि कुणी बोट हळूच वर ओढलं तरी पेशंट ओरडतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या वेळी पाय अजून उंच करत बसू नका, हृदयाच्या लेव्हलला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडावं लागतं. आणि नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते.

आता मुद्द्याचं, म्हणजे पाणी. फायबर पाण्याने खराब होत नाही असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. खराब होत नाही ते बाहेरचं कवच, आतला कापूस पाणी पितोच. तिसऱ्या आठवड्यात अंघोळीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी गुडघ्याखाली सैल झाली, मला कळलंच नाही, कारण वरून प्लास्टर जसंच्या तसं कडक, कोरडं. दुसऱ्या दिवशी खाज, तिसऱ्या दिवशी असा वास की पांघरूण नाकाशी ओढलं तरी येतोय, हेअर ड्रायर थंड हवेवर लावून तासभर बसलो तरी आत काही वाळेना. शेवटी कटरने उघडलं (फायबरवर ब्लेड चांगलंच तापतं, मध्ये मध्ये थांबून गार करावं लागतं) तर टाचेची कातडी पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली, आणि एका जागी सोलवटलेली. अजून चार दिवस गेले असते तर जखमच होती.

मग त्यावर पीओपी. जड, हो. कुबड्यांवर संध्याकाळी मांडी भरून यायची, कडा झिजून पांढरी पूड अंथरुणात, कडेला चिकटपट्टीच्या पाकळ्या लावल्या तेव्हा थांबली. पण एकदा पायावर ग्लास सांडला तर दहा मिनिटांत वरची जागा मऊ लागायला लागली, लगेच कळलं, लगेच दाखवलं. पीओपी बिघडलं की बोंब मारतं, फायबर गप्प बसतं, आणि माझ्यासारख्या निष्काळजी माणसाला बोंब मारणारंच बरं. शिवाय ताज्या सुजेच्या पायाला पीओपी जास्त छान बसतं असं मला हात लावून वाटतं. 1850 च्या दशकापासून प्लास्टर बँडेज टिकलंय ते काय उगाच नाही.

बरं, म्हणजे फायबर वाईट का, अजिबात नाही. वयस्कर माणूस असेल, ताकद कमी असेल, किंवा दोन-तीन महिने घालायचं असेल तर वजनाचाच विचार करा आणि फायबर घ्या. आत पाणी चालणारं वेगळं लायनर (अस्तर) असलेलंही मिळतं, पण ते सगळ्या फ्रॅक्चरला चालत नाही, डॉक्टरांना विचारूनच. बाकी पाच-सहा आठवड्यांचं साधं काम असेल आणि पहिले तीन दिवस घरात बसायची तयारी असेल, तर मला परत विचारलं तरी मी पीओपीच म्हणेन, डॉक्टर काही वेगळं म्हणाले तर त्यांचंच ऐका. आणि कुठलंही घेतलं तरी खाज आली म्हणून पट्टी, सुई, पेन्सिल आत घालू नका, प्लीज. प्लास्टर काढताना मी आतून काय काय बाहेर काढलंय ते लिहीत नाही इथे.

वहिनीचं मनगट गेल्या महिन्यात मोडलं. तिने माझी ही सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि फायबरच केलं, जांभळं. आता मी घरी गेलो की आधी तिची बोटं बघतो आणि मग प्लास्टरच्या कडेला नाक लावतो, ती म्हणते भावजी, चहा तरी घ्या आधी.