उद्यमबागेतील टाकी-दुरुस्ती: निदान उत्तम, रंगकाम सुमार

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी माझ्या जुन्या मोटारसायकलची गळकी पेट्रोल टाकी दुरुस्त करून घेतली आणि तेथील निदानाची पद्धत मला सर्वांत मोलाची वाटली. थेंब कॉकपाशी (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीपाशी) दिसत असल्यामुळे वॉशर बदलला की काम भागेल, असे अन्यत्र सांगण्यात आले होते; येथील मिस्त्रींनी मात्र टाकी उतरवून कोरडी पुसली, तळाला आणि शिवणीला (पत्र्यांच्या जोडाला) खडूची पूड चोळली व थोडे पेट्रोल भरून ठेवले. काही वेळातच कॉकपासून वीतभर दूर, शिवणीलगत, पांढऱ्या पुडीवर ओला ठिपका उमटला. पेट्रोल तेथून पाझरून शिवणीवरून कॉकपर्यंत ओघळत होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने, आमच्याकडच्या धुवाधार पावसात झाकणातून शिरलेले पाणी तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजतो, हेही त्यांनी बॅटरीच्या उजेडात दाखवले.

रिकाम्या टाकीत उरलेली वाफ स्फोटक असते. म्हणून टाकी पुन्हा पुन्हा धुऊन, ती उलटी करून भोकाच्या जवळपर्यंत पाणी भरल्यावरच त्यांनी ब्रेझिंगला, म्हणजे वितळवलेल्या पितळेने भोक बुजवण्याला, हात घातला. वरून नुसते एम-सील थापले असते, तर गंज आत पसरतच राहिला असता, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

रंगाची छटा मात्र जुळलेली नाही आणि पावती मागून घ्यावी लागते. खानापूर-निपाणीकडच्या मंडळींनी नवी टाकी विकत घेण्यापूर्वी येथे जरूर दाखवावे. रंग दुसरीकडे द्यावा.