लोकर धरायची अंगठी घेऊ नका, पिन घ्या

खानापुरात पाऊस लागला की दुपारची लाईट गेलीच म्हणून समजा, मग सुया काढून बसायचं. वहिनीच्या बाळाचं स्वेटर-टोपडं वेळेत संपावं म्हणून यंदा ऑनलाईन दोन वस्तू मागवल्या, लोकर अडकवायची अंगठी आणि खांद्याला लावायची पोर्तुगीज पिन, म्हणजे लोकर अडकवून पुढं सोडायला आकडा असलेली पिन. लोकर खडेबाजारातली, सुया 8 नंबरच्या, टाके 40, आणि मोबाईलवर टायमर.

आज्जीनं शिकवलेलं म्हणजे लोकर उजव्या हातात, दर टाक्याला हात उचलून सुईवर वेढा. सुलट, म्हणजे पुढून गुळगुळीत दिसणाऱ्या टाक्यांच्या, ओळीला 2 मिनिटं. लोकर डाव्या तर्जनीवर ताणून नुसती सुईच्या टोकानं ओढली तर तीच ओळ सव्वा मिनिटात, पण पहिले आठ दिवस विणकाम मच्छरदाणीसारखं ढिलं झालं, एक नंबर बारीक सुई घ्यावी लागली. आणि उलट, म्हणजे पुढून गाठीसारखा दिसणारा, टाका आला की सगळा वेग पाण्यात! उलटला वेढा दुसऱ्या बाजूनं घेतला की सोपं जातं खरं, फक्त टाका सुईवर फिरून बसतो, पुढच्या ओळीत मागच्या बाजूनं सुई घातली नाही तर पीळ पडतो. मी विसरले, 6 ओळी उसवल्या.

अंगठी सैल, सारखी फिरते, दोन रंगांच्या नक्षीला बरी असेल पण एका रंगाला काय उपयोग नाही बघा. पैसे गेले.

पिन मात्र भारी. लोकर पिनेतून खाली येते, कामाच्या पुढच्या बाजूलाच राहते, उलट टाक्याला नुसतं अंगठ्यानं ढकललं की झालं. उलट ओळ 1 मिनिट 10 सेकंद, रिबच्या (सुलट-उलट टाके आलटून पालटून घालायच्या) पट्टीला तर तोड नाही, मनगट पण दुखेना. सुलटला मात्र पुढून सुई घालायला जरा अवघड जातं, म्हणून मी आता सुलट ओळ डाव्या हातानं आणि उलट ओळ पिनेवर असं करते. पिन नसेल तर लोकर मानेवरून घेऊन पण जमतं म्हणतात, मी केलं, मंगळसूत्रात गुंता झाला आणि सासूबाई हसून हसून लोळल्या. मऊ ओढणीला पिन ओढते, जाड कापडालाच लावा.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या विणकाम करणाऱ्या हेझल टिंडलनं 2008 मध्ये वेगाच्या स्पर्धेत 3 मिनिटांत 262 टाके घातले होते. माझे पिनेवर शंभराच्या आसपास होतात, ते पण कुकरची शिट्टी मध्ये आली नाही तर.